अर्ली डिसिजनचा अर्ज आणि सहा नावांचा सातबारा: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अमेरिकी विद्यापीठांच्या २०२३-२४ च्या प्रवेशसत्रातलं आहे, 'अर्ली डिसिजन'चं, म्हणजे होकार आला तर तिथेच जायचं बंधन घेऊन लवकर केलेल्या अर्जाचं. कुटुंबाची परवानगी घेऊनच लिहिलंय. नावं बदलली आहेत, काही खुणा पुसल्या आहेत आणि रकमा पूर्णांकात आणल्या आहेत. अर्जांच्या कामात मी या कुटुंबाबरोबर होते, त्यामुळे कागदपत्रं आणि वाद दोन्ही जवळून पाहिले.

पार्श्वभूमी

घर कोल्हापूरचं. वडिलांचा शिरोली एमआयडीसीत मशीनिंगचा कारखाना, आई सहकारी बँकेत अधिकारी. मुलगी, तिला मुक्ता म्हणू, अकरावीपासून पुण्यात मामाकडे राहून सीबीएसई शाळेत शिकणारी. दहावीला ९६ टक्के, सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५१०. धाकटा भाऊ आठवीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मुक्ता आठवीत होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हापासून तिने राजाराम बंधाऱ्याची रोजची पातळी आणि राधानगरी धरणाचा विसर्ग वहीत आणि मग एक्सेलमध्ये उतरवून ठेवायला सुरुवात केली. बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ही मुलगी मात्र राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर बंधाऱ्यावर पाणी किती तासांनी चढतं, ते मोजत बसली. तिला जलविज्ञान आणि पर्यावरण अभियांत्रिकी शिकायची होती, तीही अमेरिकेत. तिने मनात धरलेलं विद्यापीठ ईशान्य अमेरिकेतलं, मोठं आणि शंभरात पाच-सहा जणांनाच घेणारं होतं.

प्रश्न काय होता

ऑगस्टमध्ये कुणीतरी वडिलांना सांगितलं, "अर्ली डिसिजनला टाका, चान्स दुप्पट होतो." त्यांना ते पटलं. आकडेही तसेच दिसतात. ब्राउन विद्यापीठाने २०२७ च्या (म्हणजे २०२७ मध्ये पदवी घेणाऱ्या) तुकडीसाठी अर्ली डिसिजनमध्ये सुमारे १३ टक्के अर्जदार घेतले, तर सगळे अर्ज मिळून प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं. डार्टमथमध्ये तेच आकडे साधारण १९ आणि ६. पण अर्ली डिसिजनच्या गर्दीत खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. कोल्हापूरहून अर्ज करणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्या १३ किंवा १९ मधलं किती येतं, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही.

अर्ली डिसिजन म्हणजे बंधन. एकाच विद्यापीठाला बहुधा १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांनी करारावर सह्या करायच्या. डिसेंबरच्या मध्यात होकार आला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. अर्ली ॲक्शन वेगळं, त्यात अर्ज लवकर करायचा पण बंधन नसतं.

करारात सुटकेची एकच वाट आहे. आर्थिक मदत मागितली असेल आणि मिळालेल्या मदतीत शिकणं शक्य होत नसेल, तर होकार नाकारता येतो. या वाक्यातला पहिला भाग लोक वाचतच नाहीत. मदत मागितलीच नसेल तर ही वाट तुमच्यासाठी नाही.

गाडी अडली ती इथे. अर्जात एक साधा प्रश्न असतो, 'आर्थिक मदत हवी आहे का?' अमेरिकी नागरिकांच्या बाबतीत बहुतेक नामांकित विद्यापीठं या उत्तराकडे न पाहता निर्णय घेतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र बहुतेक जण पाहतात, म्हणजे ती नीड-अवेअर असतात. आणि अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी 'नाही' म्हटलं, तर पुढच्या चार वर्षांत मदत मागता येत नाही.

वडिलांचं म्हणणं, "'नाही'वर टिक करा. एकदा ॲडमिशन होऊ दे, पैशाचं बघू की नंतर." आई रोज कर्जाच्या फायली बघणारी. ती म्हणाली, "अहो, नंतर म्हणजे कधी? तारीख सांगा." त्या संध्याकाळी त्यावर कुणीच पुढे बोललं नाही.

पैशाचा हिशेब

मी आईला बसवून आकडेमोड केली. खरं तर तिनेच मला बसवलं. त्या विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च ८८ हजार डॉलर धरला. दरवर्षी ४ टक्के वाढ. डॉलर तेव्हा ८३ रुपयांना होता, तो वर्षाला ३ टक्क्यांनी महागेल असं धरलं. पहिलं वर्ष ७३ लाख, चौथं जवळपास ९० लाख, एकूण सव्वातीन कोटी. विमानाची तिकिटं वेगळी. शिवाय उदारीकृत प्रेषण योजनेतून (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची सोय) पैसे पाठवताना तेव्हाच्या नियमाने वर्षाला ७ लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच गोळा करायचा कर, कापला जायचा. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. कारखान्याचं खेळतं भांडवल ओढाताणीत असणाऱ्या माणसाला हे अडकणं चांगलंच कळतं.

घरातल्या ठेवी, म्युच्युअल फंड आणि वर्षाची बचत एकत्र धरून वर्षाला ३२ ते ३५ लाख झेपतील असं निघालं. त्यात भावाच्या शिक्षणाला हात लावायचा नाही आणि कारखान्याची जागा तारण ठेवायची नाही, या दोन अटी आईच्या. वडिलांनी आकडा पाहिला, चहा मागवला आणि म्हणाले, "बरोबर आहे." माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य हेच. फक्त ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, जुलैत यायला हवं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, आवडत्या विद्यापीठाला मदत न मागता अर्ली डिसिजन. हिशेबानंतर तो आपोआप गळाला.

दुसरा, तिथेच मदत मागून अर्ज. होकाराची शक्यता कमी होणार, पण आला तर परवडणारा असेल.

तिसऱ्या पर्यायाचा विचार मी सर्वांत जास्त वेळ करायला लावला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन अशा मोजक्याच संस्था तेव्हा परदेशी मुलांच्या बाबतीतही नीड-ब्लाइंड, म्हणजे मदत मागितली का ते न पाहता निर्णय घेणाऱ्या होत्या. डार्टमथ आणि बोडन तर २०२२ मध्येच त्या यादीत आलेल्या. पहिल्या चार ठिकाणी अर्ली डिसिजन नाही. उरल्या तीन, आणि त्यांत अभियांत्रिकी विभाग डार्टमथकडे. म्हणजे बंधन स्वीकारून अर्ज करायचा आणि मदत मागितल्याचा तोटाही होऊ द्यायचा नाही, तर तिच्या विषयासाठी जागा एकच उरत होती. मुक्ताने त्या गावाचे फोटो पाहिले. बर्फ आणि डोंगर पाहून म्हणाली, "मला चार वर्षं इथे नाही राहायचं." बंधनाचा अर्ज जिथे मनापासून जायचंय तिथेच करावा, हे मान्य. पण तिने दुसरं विद्यापीठही पाहिलेलं नव्हतंच. तेही फोटोंवरूनच आवडलं होतं.

चौथा, बंधन टाळायचं, पर्ड्यूसारख्या सरकारी विद्यापीठांना अर्ली ॲक्शनमध्ये आणि बाकीच्यांना नियमित फेरीत अर्ज करायचे. पर्ड्यूने मूळ शिक्षणशुल्क दहा वर्षांपासून गोठवलेलं. परदेशी विद्यार्थ्याचा पूर्ण खर्च वर्षाला ५० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे ४१-४२ लाख. ठरलेल्या मर्यादेच्या वर, पण थोडं कर्ज काढून जमणारं.

पाचवा पर्याय घरचाच होता. एमएचटी-सीईटी देऊन पुण्या-सांगलीत स्थापत्य अभियांत्रिकी. वडिलांनी तो शेवटपर्यंत जिवंत ठेवला आणि ते योग्यच होतं.

पहिला निर्णय आणि त्याचा निकाल

दुसरा आणि चौथा पर्याय एकत्र केले. आवडत्या विद्यापीठाला मदत मागून अर्ली डिसिजन, जोडीला पर्ड्यूला अर्ली ॲक्शन. अर्ली डिसिजनच्या नियमात हे बसतं. बंधनाचा अर्ज एकच असावा लागतो, बिनबंधनाचे इतर चालतात.

शाळेत काउन्सेलर असं पद नव्हतं. करारावर प्राचार्यांची सही लागणार होती. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मुलीने नंतर पाय मागे घेतला तर माझ्या पुढच्या मुलांचं काय?" प्रश्न रास्त होता. हा करार मोडला म्हणून विद्यापीठं सहसा कोर्टात जात नाहीत, पण शाळेचं नाव लक्षात ठेवतात. २०२५ मध्ये ट्युलेन विद्यापीठाने, आधीच्या एका विद्यार्थ्याने बंधन मोडल्यावरून, कोलोरॅडोतल्या एका शाळेच्या मुलांना वर्षभर अर्ली डिसिजन बंद केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात या पद्धतीवरच दावा दाखल झाला. स्पर्धा दाबून शुल्क चढं ठेवण्याचा हा मार्ग आहे, असा आरोप करत ३२ संस्थांना त्यात ओढलं गेलं. आमच्या वेळी यातलं काहीच घडलं नव्हतं. तरी प्राचार्यांना धोका अचूक दिसला. मदत मागितली आहे आणि सुटकेचं कलम लागू होतं, हे दाखवल्यावर त्यांनी सही केली.

डिसेंबरच्या मध्यात नकार आला. अर्ज पुढच्या फेरीत ढकललेलाही नव्हता, सरळ नकार. मदत मागितल्यामुळे आला का? सांगता येणार नाही, विद्यापीठ कारण देत नाही. मामा म्हणाले, "'हो'वर टिक केली नसती तर..." आई म्हणाली, "तर आज पेढे वाटले असते आणि उद्या जागा गहाण टाकली असती." त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसरा निर्णय: पुन्हा बंधन घ्यायचं का

काही संस्थांमध्ये अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्यात. मुक्ताच्या यादीत पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं महाविद्यालय होतं. अभियांत्रिकी शिकवणारं, मागे नदी वाहणारं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेही नीड-अवेअर, पण घेतलेल्या विद्यार्थ्याची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवण्याचं धोरण असलेलं. ऑक्टोबरमध्ये तिने त्यांच्या एका प्राध्यापकाला पुराच्या आकड्यांबद्दल ईमेल केला होता आणि त्यांनी तिच्या आलेखातली एक चूक दाखवून उत्तर पाठवलं होतं. मोठ्या विद्यापीठाकडून असं काही कधी आलं नव्हतं.

दोन आठवडे हातात. नाताळची सुट्टी, शाळा बंद, प्राचार्य गावी. १५ फेब्रुवारीला बारावीची परीक्षा सुरू होणार. आणि इतर कॉलेजांचे निबंध लिहिलेलेच नव्हते, कारण 'आधी पहिल्याचा निकाल लागू दे' असं ठरवलं होतं. हे 'लागू दे' मी दरवर्षी ऐकते. पहिल्या अर्जावर जीव जडला की दुसऱ्याचा निबंध लिहिणं त्याच्याशी बेइमानी वाटायला लागतं. निबंध पडून राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री घाईघाईने पाच लिहिले तर बिघडतं.

नकारानंतर लगेच दुसरं बंधन घेऊ नये, असं माझं साधारण मत आहे. दुखावलेलं मन जो पहिला हात पुढे येईल तो धरतं. म्हणून मुक्ताला एकच विचारलं, "दोन्हीकडे एकाच दिवशी होकार आला असता, तर कुठे गेली असतीस?" तिने उत्तर द्यायला रात्र घेतली. सकाळी फोन आला, "मॅडम, खरं सांगू? प्राध्यापकांचं उत्तर आलं त्या दिवसापासून मी त्यांचेच कोर्स बघतेय." प्राचार्यांनी गावाहून फोनवर सही केली. मदत मागितलेलीच होती.

जानेवारीच्या मध्यात पर्ड्यूचा होकार आला. आता पेच. दुसऱ्या फेरीचा निकाल यायचा होता, आणि निकालाआधी अर्ज नियमित फेरीत वळवून बंधनातून बाहेर पडता येत होतं. वडिलांचा कल पर्ड्यूकडे झुकला. मोठं नाव, कारखान्यातल्या इंजिनिअरांनाही ठाऊक असलेलं, खर्चाचा आकडा पक्का. आईने वहीत मांडलं की महाविद्यालयाकडून ३५ लाखांच्या आतली ऑफर आली तर ते स्वस्त, नाही आली तर सुटकेचं कलम आहे. पर्ड्यूला उत्तर द्यायची मुदत १ मेपर्यंत, म्हणजे थांबल्याने काही हातचं जात नव्हतं. अर्ज आहे तसा ठेवला.

सातबारा

बोर्डाची परीक्षा सुरू होतानाच होकार आला. सोबत मदतीचं पत्र होतं. एकूण खर्च ८४ हजार डॉलर, अनुदान ३६ हजार, कुटुंबाने भरायचे ४८ हजार. म्हणजे जवळपास ४० लाख. मर्यादेच्या पाच लाख वर.

परदेशी विद्यार्थ्यांना मदतीसाठी बहुतेक ठिकाणी 'कॉलेज बोर्ड' या अमेरिकी संस्थेचा सीएसएस प्रोफाइल हा अर्ज भरावा लागतो. उत्पन्न, ठेवी, घर, धंदा, शेती, सगळं त्यात. तो पुन्हा उघडून पाहिल्यावर लक्षात आलं की करवीर तालुक्यातली सहा एकर उसाची जमीन वडिलांच्या एकट्याच्या नावे, तीन कोटींची म्हणून दाखवली गेली होती. ऑक्टोबरमध्ये सीएंच्या कार्यालयातून आलेल्या तक्त्यात तशीच होती. एकरी भाव काकांनी सांगितलेला, तोही रस्त्यालगतच्या प्लॉटचा.

सातबाऱ्यावर नावं सहा होती. आजी, वडील, दोन काका, दोन आत्या. वाटणी झालेली नाही. वडिलांचा हिस्सा वेगळा काढून विकता येत नाही, आणि तसा विषय काढला तर गणपतीला घरात कोण जेवायला येईल ते सांगता येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या कार्यालयाला मात्र तीन कोटींची मालमत्ता असलेला माणूस दिसत होता. त्याने आणखी चार-सहा हजार डॉलर सहज काढावेत असं त्यांच्या हिशेबाला वाटलं, तर त्यात त्यांची चूक नाही.

मग फेरविचाराचा अर्ज तयार झाला. सातबाऱ्याचा उतारा, त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून, जमीन अविभक्त असून हिस्सा तारण किंवा विक्रीयोग्य नसल्याचं सीएंचं प्रमाणपत्र, आणि साखर कारखान्याची तीन वर्षांची ऊसबिलं. त्यांतून जमिनीचं खरं उत्पन्न किती आणि ते सहा घरांत कसं जातं ते दिसलं. पत्र आईने लिहिलं, एका पानाचं. विनवणी नाही, 'आमची मुलगी हुशार आहे' नाही. 'अर्जात ही नोंद चुकीची होती, बरोबर नोंद अशी, पुरावा सोबत आहे. आम्ही वर्षाला ४२ हजार डॉलरपर्यंत देऊ शकतो.' जागा निश्चित करण्याची मुदतही वाढवून मागितली. मदत मागितलेल्या अर्जदाराला ती मिळते, फक्त मागावी लागते.

इकडे मुक्ता केमिस्ट्रीचा पेपर देत होती. तिला यातलं काही सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. मामींनी सांगितलं.

उत्तर आलं, अनुदान ४२ हजार. कुटुंबाचा वाटा ४२ हजार, तेव्हाच्या दराने ३५ लाखांच्या किंचित आत. होकार कळवला, पर्ड्यू आणि इतर अर्ज त्याच दिवशी मागे घेतले. वडिलांनी सीईटीचा फॉर्म तरीही भरलेलाच ठेवला, "व्हिसा हातात येईपर्यंत."

आजची स्थिती

मुक्ता ऑगस्ट २०२४ मध्ये गेली. नदीच्या प्रवाहमापनाच्या प्रयोगशाळेत काम करते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे तेच ४२ हजार त्या दराने ३८ लाखांच्या घरात, आणि शुल्कवाढ त्याच्यावर. आम्ही धरलेल्या ३ टक्क्यांपेक्षा रुपया वेगाने घसरला. आईने पहिल्या वर्षाआधीच दुसऱ्या वर्षाच्या रकमेचा काही भाग बाजूला ठेवला होता, त्याने हे वर्ष निभावलं. चौथ्या वर्षासाठी शैक्षणिक कर्ज लागेल असं दिसतंय. महाविद्यालय मदतीची कागदपत्रं दरवर्षी नव्याने मागतं. सातबाऱ्याची फाइल आता तयारच असते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या फेरीतलं बंधन त्या मोठ्या विद्यापीठावर खर्च करणं मला आजही पटत नाही. मोठी मदत मागणाऱ्या परदेशी अर्जदाराला तिथे अर्ली डिसिजनचा फायदा फारसा नव्हता. पेनसिल्व्हेनियाचा अर्ज १ नोव्हेंबरलाच करता आला असता, तर डिसेंबरमध्ये सुटका झाली असती आणि फेरविचाराचं पत्र बोर्डाच्या परीक्षेवर आलं नसतं. मुक्ताला हे मान्य नाही. ती म्हणते, तिथे नकार मिळाला नसता तर ती आयुष्यभर तेच मनात घोळवत बसली असती. दोघीही आपापल्या जागी ठाम आहोत.

नीड-ब्लाइंडची यादी तर दरवर्षी ताजी पाहावी लागते. ब्राउनने पुढच्याच सत्रापासून परदेशी मुलांनाही नीड-ब्लाइंड केलं. मुक्ताच्या वर्षी ती वाट उघडी नव्हती, तिच्यानंतरच्या मुलांसाठी आहे, आणि तिथे अर्ली डिसिजनही आहे.

शेतजमिनीचा, एकत्र घराचा किंवा भागीदारीतल्या धंद्याचा खुलासा सीएसएस प्रोफाइलसोबतच, विचारण्याची वाट न पाहता पाठवावा. तक्ता सीएंकडून आला तरी सातबाऱ्यावरची नावं घरातल्या माणसाने एकदा मोजावीत.

प्राचार्यांनी आता स्वतःचा नियम केलाय. अर्ली डिसिजनच्या करारावर सही हवी असेल तर पालकांनी ३१ जुलैपर्यंत एका पानावर वर्षाचा आकडा लिहून, आई आणि वडील दोघांच्या सहीने द्यायचा. गेल्या वर्षी तिघांनी कागद मागितला. दोघांनी भरून दिला, तिसऱ्याने नियमित फेरीत अर्ज केला.